सेवेचे मोल आणि दुहेरी खिडकी

वस्तूचा भाव ठरविताना दुकानदाराच्या हाती निदान खरेदीची पावती असते. तीवर वाहतूक, जागेचे भाडे, व्याज आणि नफा चढविला की विक्रीची किंमत उभी राहते. सेवेच्या बाबतीत हा आधार नसतो. घरोघरी जाऊन खिडक्यांच्या काचा स्वच्छ करणाऱ्या व्यावसायिकाचा कच्चा माल म्हणजे बादलीभर पाणी आणि चमचाभर साबण. तो विकतो ते आपले तास, आपले कौशल्य आणि शिडीवर चढण्याची जोखीम. या तिन्हींची किंमत प्रति खिडकी किती लावावी? अमेरिका आणि कॅनडा येथे हा व्यवसाय घरगुती ग्राहकांपर्यंत पोहोचलेला आहे, आणि तेथील 'स्टॉर्म विंडो' या एका प्रकारच्या खिडकीपाशी या प्रश्नाची खरी परीक्षा होते. अनेक होतकरू व्यावसायिकांचे अंदाजपत्रक नेमके याच खिडकीपाशी कोसळते. त्यामागचा हिशेब समजून घेणे सेवा-उद्योग करणाऱ्या कोणासही, आणि अशा उद्योगास कर्ज देणाऱ्या बँक अधिकाऱ्यासही, उपयोगाचे आहे.

खिडकीबाहेरची खिडकी

'स्टॉर्म विंडो' या शब्दाचे 'वादळी खिडकी' असे भाषांतर केले तर अर्थ निसटतो. घराच्या मूळ खिडकीच्या बाहेरच्या अंगाला बसविलेली दुसरी काचेची खिडकी, असे तिचे साधे वर्णन करता येईल. दोन्ही खिडक्यांमध्ये हवेचा एक थर अडकून राहतो आणि तो उष्णता बाहेर जाऊ देत नाही. न्यू इंग्लंड, न्यूयॉर्कचा उत्तर भाग, मिशिगन, मिनेसोटा अशा बर्फाळ प्रदेशांतील जुन्या घरांना ही दुसरी खिडकी म्हणजे थंडीतले पांघरूणच होय. शिक्षण वा नोकरीच्या निमित्ताने बॉस्टन किंवा शिकागो परिसरातील जुन्या घरांत राहिलेल्या मराठी कुटुंबांना ती परिचित असेल.

पूर्वी ही खिडकी लाकडी चौकटीची असे. हिवाळ्यापूर्वी ती तळघरातून काढून प्रत्येक खिडकीवर टांगायची आणि वसंत ऋतूत उतरवून तिच्या जागी डास-माश्यांसाठी जाळी लावायची, असा वार्षिक क्रम असे. जुन्या घराच्या दोन खिडक्या मापाने तंतोतंत सारख्या क्वचितच निघत. त्यामुळे कोणती चौकट कोणत्या खिडकीची हे कळावे म्हणून चौकटीवर आणि भिंतीच्या बाजूला जुळणारे क्रमांक ठोकलेले असत. काही घरांत ते आजही दिसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अॅल्युमिनियमची कायम बसविण्याची खिडकी लोकप्रिय झाली आणि ही उस्तवार बरीचशी संपली. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन बचतीला राष्ट्रीय महत्त्व आले. १९७८ च्या अमेरिकी ऊर्जा-कर कायद्यात घरमालकाने ऊर्जा-बचतीच्या साधनांवर केलेल्या पहिल्या २,००० डॉलर खर्चावर १५ टक्के, म्हणजे कमाल ३०० डॉलर, इतकी करसवलत दिली गेली. त्या साधनांच्या यादीत स्टॉर्म विंडोचाही समावेश होता. करसवलत कालांतराने संपली. परंतु खिडक्या मात्र भिंतींवर आहेत आणि त्या पुसाव्या लागतात.

अॅल्युमिनियमच्या या खिडकीची रचना समजण्यास आपल्या रेल्वेच्या स्लीपर डब्यातील खिडकी आठवावी. तेथे काचेची एक आणि पट्ट्यांची एक अशा दोन झडपा आपापल्या खोबणीतून वर-खाली सरकतात आणि दोन्ही बाजूंच्या खिट्या चिमटीत दाबल्या की हलतात. स्टॉर्म विंडोच्या सर्वाधिक प्रचलित प्रकारात अशा तीन खोबणी असतात. बहुधा सर्वांत बाहेरच्या खोबणीत वरच्या अर्ध्या भागाची काच, मधल्या खोबणीत खालच्या अर्ध्या भागाची काच आणि आतल्या खोबणीत जाळी. उन्हाळ्यात खालची काच वर सरकवून जाळी खाली घ्यावयाची, हिवाळ्यात याच्या उलट. रेल्वेची खिडकी जशी कधी हलता हलत नाही, तशीच हीसुद्धा.

चार बाजू आणि आठ बाजू

साधी वर-खाली सरकणारी खिडकी दोन तावदानांची असते. प्रत्येक तावदानाची आतली आणि बाहेरची अशा पुसावयाच्या बाजू झाल्या चार. तिच्यावर स्टॉर्म विंडो आली की आणखी दोन काचा, म्हणजे आणखी चार बाजू. एकूण आठ. याखेरीज एक जाळी आणि तीन खोबणी. रस्त्यावरून पाहणाऱ्यास मात्र ती एकच खिडकी दिसते, आणि घरमालकही दूरध्वनीवर 'आमच्या घराला वीस खिडक्या आहेत' एवढेच सांगतो. त्यात त्याची लबाडी नसते. खिडकी कोणत्या प्रकारची आहे हे विचारण्याचे काम दर सांगणाऱ्याचे आहे.

बाजू दुप्पट झाल्या म्हणून काम दुप्पट झाले, असेही मानता येत नाही. वाढीव चार बाजूंपैकी सर्वांत मळलेली बाजू मधल्या पोकळीत असते आणि तेथे हात पोहोचत नाही. घरातील ओलसर हवा फटींतून पोकळीत शिरते, गार काचेवर तिचे बाष्प साचते, ते वाळते आणि धुरकट थर मागे राहतो. अॅल्युमिनियमच्या चौकटीवर वर्षानुवर्षे पांढरी भुकटी धरते व पावसाच्या पाण्याबरोबर काचेवर ओघळते. खोबणीत माती, मेलेले किडे आणि कोळ्यांची जाळी जमतात. खालच्या पट्टीला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती बुजली, किंवा कोणी अतिउत्साहाने सीलंट भरून बंद केली, तर पाणी साचून मूळ खिडकीची लाकडी पट्टी कुजू लागते. स्वच्छता करणाऱ्याने ही छिद्रे मोकळी करून देणे हा कामाचा भाग मानावा. काच चकाकण्यापेक्षा घराच्या आयुष्याला त्याचाच उपयोग अधिक.

कामाची रीत

अनुभवी कारागीर हे काम घराच्या आतून करतो. मूळ खिडकीचे खालचे तावदान वर सरकवून आधी जाळी, मग स्टॉर्म विंडोची खालची काच आणि शेवटी वरची काच खिट्या दाबून, किंचित तिरकी करून काढून घेतो. प्रत्येक तुकड्यावर कागदी चिकटपट्टीने क्रमांक घालतो, कारण शेजारच्या खिडकीची काच दोन-तीन मिलिमीटरने कमी-अधिक असू शकते आणि मग संध्याकाळी ती कोठेच बसत नाही. तीन खोबणी मोकळ्या झाल्या की त्या आधी कोरड्या ब्रशने झाडतात. पाणी आधी लावले तर धुळीचा चिखल होतो आणि काम वाढते. काढलेल्या काचा जाड कापडावर ठेवून साबणाच्या पाण्याने घासल्या जातात आणि स्क्वीजीने, म्हणजे हातात धरावयाच्या रबरी पट्टीच्या वायपरने, पाणी ओढून घेतले जाते. या साध्या अवजाराला आजचे हलके पितळी रूप कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे एत्तोरे स्टेकोने या इटालियन स्थलांतरिताने १९३० च्या दशकात दिले. त्यापूर्वीची अवजारे जड आणि अनेक स्क्रूंनी आवळलेली असत.

काचा बाहेर निघाल्याचा एक लाभ असा की मूळ खिडकीची बाहेरची बाजूही आता आतूनच हाताशी येते आणि वरच्या मजल्यासाठी बहुधा शिडी लावावी लागत नाही. मात्र मूळ खिडकी रंगाच्या थरांनी चिकटून बसली असेल तर हा मार्ग बंद होतो. येथे आणखी एक सावधगिरी आहे. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ मध्ये बंदी आली; त्यापूर्वीच्या घरांतील लाकडी खिडक्या वर-खाली घासल्या गेल्याने शिशाची धूळ निर्माण होऊ शकते आणि ती लहान मुलांना विशेष अपायकारक असते. अशा ठिकाणी रंगवलेल्या लाकडावर कोरडा ब्रश न फिरवता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे लागते.

जोडणी उलट क्रमाने. आधी वरची काच, मग खालची, मग जाळी. खिट्या अडत असतील तर सिलिकॉनचा फवारा मारतात. तेल धूळ धरते म्हणून ते टाळतात. काच जुन्या पद्धतीची, सुमारे अडीच मिलिमीटर जाडीची असते आणि चौकटीचे कोपरे सैल झालेले असतात. म्हणून काच फुटण्याचा प्रसंग बहुधा पुसताना न येता काढताना किंवा परत बसविताना येतो. दर ठरविताना ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

दर कसा चुकतो

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी मानलेले आहेत. त्यांतील परस्परसंबंध महत्त्वाचा आहे.

समजा, एका कारागिराला साधी खिडकी आतून-बाहेरून पुसण्यास ८ मिनिटे लागतात आणि तो खिडकीमागे १० डॉलर घेतो. वीस खिडक्यांचे घर १६० मिनिटांत होते व २०० डॉलर मिळतात. म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या तासाला ७५ डॉलर. त्याच मापाच्या वीस खिडक्यांना स्टॉर्म विंडो असेल तर काढणे, क्रमांक घालणे, खोबणी झाडणे, आठ बाजू पुसणे आणि पुन्हा बसविणे याला प्रत्येकी २० मिनिटे धरू. एकूण ४०० मिनिटे, म्हणजे ६ तास ४० मिनिटे.

नवखा व्यावसायिक येथे 'थोडे जास्तीचे काम आहे' असे म्हणून दीडपट दर सांगतो. १५ डॉलरप्रमाणे ३०० डॉलर. एकाच दिवसात ३०० डॉलर हाती आले म्हणून तो समाधानीही असतो. परंतु तासाचा भाव ७५ वरून ४५ डॉलरवर आलेला असतो. थोडा हिशेबी असलेला दुप्पट दर सांगतो. त्याला तासाला ६० डॉलर पडतात. मूळचे ७५ टिकवायचे असतील तर खिडकीमागे २५ डॉलर, म्हणजे अडीचपट, घ्यावे लागतात. गिऱ्हाइकाला हा आकडा प्रथम ऐकताना अवाजवी वाटतो आणि सांगणाऱ्याची जीभही अडखळते. नुकसान होते ते या अडखळण्यात.

तासाला ७५ डॉलर ही कमाई नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. बर्फाळ प्रदेशात घरगुती काम प्रामुख्याने वसंत ते शरद या काळात चालते. पावसाचे व इतर खाडे वजा जाता वर्षाला १२० दिवस आणि दिवसाला प्रत्यक्ष काचेवरचे ५ तास धरले तर ६०० तास होतात. उरलेला वेळ प्रवास, सामान लावणे-आवरणे, अंदाज देण्यासाठी फेऱ्या आणि बिले यांत जातो व त्याचे पैसे कोणी वेगळे देत नाही. ७५ च्या दराने वर्षाची जमा ४५,००० डॉलर. गाडी, विमा, अवजारे, दूरध्वनी, जाहिरात असा स्थिर खर्च १५,००० डॉलर मानला तर शिल्लक ३०,०००. आता सर्वच घरे स्टॉर्म विंडोची निघाली आणि दर दीडपटच राहिला, तर जमा २७,००० आणि शिल्लक केवळ १२,०००. दर ४० टक्क्यांनी घसरला, पण शिल्लक ६० टक्क्यांनी. स्थिर खर्च तेवढाच राहिल्याने घसरणीचा सगळा भार मालकाच्या घरखर्चावर पडतो. या शिलकीतूनही स्वयंरोजगार कर द्यावा लागतो. अमेरिकेत नोकरदाराच्या सामाजिक सुरक्षा व आरोग्य वर्गणीचा निम्मा वाटा मालक भरतो. स्वतंत्र व्यावसायिकाला दोन्ही वाटे मिळून १५.३ टक्के स्वतःच भरावे लागतात. प्राप्तिकर त्याखेरीज.

'सर्वच घरे तशी कशी निघतील?' अशी शंका येथे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर या विषयाचे मर्म आहे. जुन्या वस्तीतील घरे एकाच काळात बांधलेली असतात, त्यामुळे एका घराला स्टॉर्म विंडो असेल तर शेजारच्या दहा घरांनाही ती बहुधा असते. जो कारागीर हे काम स्वस्तात करतो त्याचे नाव त्या गल्लीत भराभर पसरते. दुसरीकडे, साध्या खिडक्यांच्या घरांसाठी त्याचा दर इतरांसारखाच असल्याने तेथून त्याला विशेष बोलावणे येत नाही. परिणामी त्याच्या वहीत तोट्याची कामे आपोआप गोळा होतात. विम्याच्या क्षेत्रात ज्याला 'प्रतिकूल निवड' म्हणतात, तोच हा प्रकार. चुकीचा दर एका दिवसापुरता चुकत नाही. तो ग्राहकवर्गच बदलून टाकतो. मे महिन्याची वही भरलेली, कारागीर थकलेला, आणि नोव्हेंबरात बँकेतील शिल्लक मात्र हिवाळा निभावण्यास अपुरी, असे चित्र त्यातून उभे राहते. त्याला वाटते की काम कमी पडले, आणि पुढील वर्षी तो जाहिरातीवर अधिक खर्च करतो.

दर कसा सांगावा

यावर या व्यवसायात रूढ झालेला उपाय साधा आहे. दर सांगण्यापूर्वी प्रत्यक्ष घरी जाऊन एक खिडकी पूर्ण उघडून पाहावयाची. शक्यतो वरच्या मजल्यावरची, कारण तळमजल्याची खिडकी घरमालकाने मधून मधून हलविलेली असते. ती किती वेळात निघते, खिट्या शाबूत आहेत काय, पांढरी भुकटी किती आहे, हे पाहून मगच आकडा लिहावयाचा. घर वीस वर्षे न उघडलेले असेल तर पहिल्या स्वच्छतेचा दर वेगळा आणि पुढील वर्षांचा वेगळा लावणे उभयपक्षी न्याय्य ठरते. एकदा मोकळी झालेली खिडकी दुसऱ्या खेपेस बऱ्याच कमी वेळात होते.

काही जण खिडकीचा एकच दर न सांगता मूळ खिडकीचा दर, स्टॉर्म विंडोचा अधिभार, जाळीचा दर आणि खोबणीचा दर असे निरनिराळे लिहून देतात. गिऱ्हाइकाला पैसे कशाचे आहेत ते कळते आणि खर्च कमी करावयाचा असेल तर काय गाळावे हे तोच ठरवितो. पुष्कळ घरमालक मग यंदा फक्त बाहेरून व आतून दिसणारी बाजू पुसून घेतात आणि मधली पोकळी एक वर्षाआड ठेवतात. यात गैर काही नाही, फक्त तसे कागदावर असावे. अन्यथा काम संपल्यावर आतला धुरकट थर पाहून वाद होतो.

मोडतोडीची जबाबदारीही आधीच लिहून ठेवणे हिताचे. कारागिराच्या हातून सुस्थितीतील काच निसटली तर भरपाई त्याची. परंतु आधीच गंजलेली खिटी किंवा निखळलेला कोपरा काढताना तुटला तर ती घरमालकाची, असा भेद सामान्यतः केला जातो. ज्या खिडक्या जबरदस्तीशिवाय उघडणार नाहीत त्यांची नोंद करून त्या सोडून देणे हा अधिकार कारागिराने राखून ठेवावा. आणि अंदाज पाहून घरमालकाने नकार दिला तर तो मोकळा राहिलेला दिवस साध्या खिडक्यांच्या दोन घरांना पुरतो, हे गणित त्याला पाठ असले की नकार जड जात नाही.

आपल्याकडील सेवा-उद्योग

आपल्या देशात स्टॉर्म विंडो नाही. परंतु घरातील वातानुकूलन यंत्राची निगा, पाण्याच्या टाक्यांची सफाई, सोफा व गालिचे धुणे, छतावरील सौर पॅनेल पुसणे असे तासांवर चालणारे व्यवसाय शहरोशहरी वाढले आहेत. गॅलरीत हाताशी असलेले यंत्र आणि सहाव्या मजल्यावर भिंतीच्या बाहेर लोंबकळणारे यंत्र यांची 'सर्व्हिसिंग' एकाच दराने करणारा तंत्रज्ञ त्याच गणितात सापडलेला असतो. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेतून अशा व्यावसायिकांना १० लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू लागले, आणि २०२४ पासून 'तरुण' गटातील कर्ज घेऊन ते यशस्वीपणे फेडणाऱ्यांसाठी ही मर्यादा २० लाख करण्यात आली.

असा अर्ज समोर आला की शाखाधिकाऱ्याला पाहण्यासारखा माल गोदामात नसतो आणि यंत्रसामग्रीही थोडीच असते. अर्जदाराची उलाढाल वाढती आहे एवढ्याने परतफेडीची खात्री पटत नाही, हे वरील ४५,००० आणि २७,००० च्या उदाहरणावरून दिसते. दोन्ही वर्षांत कारागीर तितकेच तास राबलेला आहे. अशा वेळी मागील महिन्यातील दहा कामांची यादी मागवावी. प्रत्येक कामाचा दर, लागलेला वेळ आणि जाण्या-येण्याचा वेळ तीत असावा. कोणत्या प्रकारच्या कामात तासाचा भाव सर्वांत कमी पडतो हे त्या एका कागदावर उमटते. अर्जदाराने असा कागद यापूर्वी कधीच केलेला नसेल, तर तो शाखेत बसूनच करून घ्यावा; अर्ध्या तासाचे काम आहे. वाहन वा यंत्र घेण्यासाठी मागितलेल्या कर्जाचा हप्ता कोणत्या कामांतून सुटणार आणि कोणत्या कामांचा दर आधी बदलावा लागणार, यावर मग दोघांनाही नेमके बोलता येते.